ही बॅग मी उचलणार नाही

विमानातल्या क्रूला टर्मिनलमधून रांगेत चालायची सवय लागते. पुढे कॅप्टन, त्यांच्यामागे को-पायलट, मग आमची इन-चार्ज आणि तिच्यामागे आम्ही. एका हातात बॅगेचा दांडा, मान ताठ, चेहऱ्यावर अर्धं हसू. लोक वळून बघतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ते बघणं फार आवडायचं. त्याच वर्षी एका दुपारी, अशाच रांगेत, माझ्या बॅगेचं चाक निखळलं.

आधी 'टक्' असा आवाज झाला. मग ते चाक माझ्या पुढे घरंगळत गेलं, इन-चार्जच्या बुटाला लागलं आणि तिथेच गिरक्या घेत पडलं. बॅग एका अंगाला कलली. मी तशीच ओढायला गेले तर गुळगुळीत फरशीवर तुटक्या प्लास्टिकचा असा करकराट सुरू झाला की कॉफी पिणारे लोक कप हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. एक छोटी मुलगी मोठ्याने म्हणाली, "मम्मी, एअर होस्टेस की बॅग टूट गयी!"

इन-चार्जने मागे वळूनही पाहिलं नाही. "उचल ती," एवढंच म्हणाली.

मी उचलली. भरलेली बॅग एका हातात, पायात टाचांचे बूट, आणि ते अर्धं हसू तसंच. गेटपर्यंत पोचेपर्यंत खांदा भरून आला होता. विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये इन-चार्जने विचारलं, "राहतेस कुठे तू?"

"कल्याण ईस्ट, मॅम. विठ्ठलवाडीच्या बाजूला."

"तिथून येतेस? रोज?" तिने बाकीच्यांकडे बघून भुवया उंचावल्या. "एअरपोर्टजवळ मुलींबरोबर रूम घे. इतक्या लांबून येणाऱ्या मुली टिकत नाहीत. मी बघितल्यात. त्यांच्या बॅगाही टिकत नाहीत."

सगळे हसले. को-पायलटसुद्धा हसला, आणि तो तर माझ्यापेक्षा महिनाभर आधी लागलेला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मॅम, मी टिकेन. बॅग बदलते."

नव्या मुलीने असं बोलायचं नसतं. मला ते माहीत होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि खरं सांगायचं तर परत घ्यावंसं वाटलंही नाही.

घर सोडून एअरपोर्टजवळ राहायचा प्रश्नच नव्हता. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. आमच्या भागात तिला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'बाई' म्हणतात. रिक्षावाल्यांतले निम्मे तिचे विद्यार्थी. आम्ही चाळीतून या सोसायटीत आलो ते तिच्या पगारावर, आणि ती जागा सोडून मी अंधेरीला चौघींच्या खोलीत कॉट भाड्याने घ्यावी हे तिला काय, मलाच पटणारं नव्हतं.

त्या रात्री तिने बॅग वर्तमानपत्रावर उताणी घातली, चष्मा लावला आणि उरलेली तिन्ही चाकं एकेक करून हलवून बघितली.

"चार चाकं, पण जीव एकातही नाही," ती म्हणाली. "कुठून घेतलीस?"

"डोंबिवली स्टेशनबाहेरून. काळी होती, चकचकीत होती. कंपनी सांगते, बॅग काळी हवी आणि ठरलेल्या मापात हवी. बाकी काही सांगत नाही."

"म्हणजे कपडे बघून नवरा केलास."

"आई!"

"अगं, लग्नाला जाणारी बॅग वर्षातून दोनदा कपाटावरून खाली येते. तुझी रोज निघते. दोघींना एकच दुकान कसं चालेल?"

पुढच्या सगळ्या फ्लाइट्समध्ये मी लोकांच्या बॅगा बघत बसले. हॉटेलच्या लॉबीत, क्रू बसमध्ये, ब्रीफिंगच्या खोलीबाहेर जिथे सगळ्या बॅगा भिंतीला लावून ठेवतात तिथे. जुन्या लोकांच्या बॅगा ओळखू यायच्या. त्या दिसायला सुंदर नव्हत्या. कडा घासलेल्या, कापड जाड आणि मळखाऊ, आणि बहुतेकांना चार नाही, दोनच चाकं. एक वयस्कर स्टुअर्ड होता, कोल्हापूरकडचा. त्याची बॅग त्याच्या मुलाएवढ्या वयाची होती म्हणे. मी त्याला विचारलं तर त्याने तिथेच बॅग आडवी केली.

"चार चाकं फरशीवर नाचतात," तो म्हणाला. "खड्ड्यात गेली की मेली. आणि बसने ब्रेक मारला की बॅग तुझ्याआधी ड्रायव्हरजवळ पोचते. दोन चाकं घे. मोठी घे, रबराची, अर्धी बॅगेच्या पोटात असलेली. स्क्रूने बसवलेली बघ, म्हणजे झिजल्यावर नवी घालता येतात. रिव्हेट ठोकलेली असतील तर चाक गेलं की बॅग गेली."

"आणि दांडा?"

"वर ओढून हलवायचा. म्हाताऱ्याच्या दातासारखा हलला तर पैसे परत खिशात."

पुढच्या सुट्टीला मी आणि आई ठाण्याला गेलो. आईने खांद्याला एक मोठी कापडी पिशवी घेतली होती. काय आहे विचारलं तर म्हणाली, "प्रश्नपत्रिका." मला वाटलं खरंच कुठे तरी द्यायच्या असतील.

स्टेशनपासून जवळच एक मोठं दुकान होतं, काचेत बॅगांचे मनोरे लावलेलं. मालक गल्ल्यावर होता, सोन्याची साखळी घातलेला, बोलायला गोड. माझ्याकडे बघून त्याने सरळ गुलाबी बॅग काढली.

"मॅडमसाठी हे बघा. एकदम लाइट. हनिमूनला जाणारी सगळी कपल हीच घेतात."

"मला कामासाठी हवीय," मी म्हटलं. "काळी. दोन चाकांची. ती बघू, वरच्या फळीवरची."

"ती? ती मॅडम जेंट्स आहे. पायलट लोक घेतात. जड पडेल तुम्हाला."

"मीही विमानातच काम करते."

"हो का? अरे वा." त्याने मला परत एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तर काय, तुम्हाला बॅग उचलायला किती लोक भेटतील."

हे असं हसत हसत म्हटलेलं वाक्य मी नोकरीत रोज ऐकते. विमानात मला उत्तर देता येत नाही. तिथे माझ्या अंगावर युनिफॉर्म असतो. त्या दिवशी माझ्या अंगावर कुर्ता होता.

"मला उचलायला माणूस नकोय," मी म्हटलं. "चालणारी बॅग हवीय. खाली काढा ती."

त्याने ती काढली, जरा जोरातच आपटून. मी चाकं बघितली. मोठी होती, स्क्रूने बसवलेली होती. चेन जाड होती. तेवढ्यात आईने आपली कापडी पिशवी काउंटरवर ठेवली आणि आतून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. माझी युनिफॉर्मची दुसरी साडी, बूट, डबा, पाण्याची बाटली, टॉवेल. त्याखालून शब्दकोशाचे दोन जाड खंड आणि घरची इस्त्री.

"हे काय आहे, मावशी?" मालकाने विचारलं.

"हिचं रोजचं सामान. आणि वर थोडं जास्त, कारण सामान कधी कमी होत नाही." तिने सगळं बॅगेत भरलं, चेन लावली आणि माझ्याकडे दांडा दिला. "चल. बाहेर एक फेरी मारून आण."

"बाहेर नाही चालणार," मालक उठला. "माल खराब होतो. इथे दुकानात चालवून बघा ना, टाइल्स आहेत."

"टाइल्सवर माझ्या घरची बिनचाकाची पेटीसुद्धा सरकते," आई म्हणाली. "भेंडी घेताना मी शेंडा मोडून बघते, साहेब. भाजीवाला नाही म्हणत नाही."

"मग भाजीवाल्याकडून घ्या बॅग."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती बघत होती. मला वाटलं आता आई गप्प बसेल, आपण निघू. आईने शांतपणे चेन उघडली, इस्त्री काढली, शब्दकोश काढले, साडी घडी मोडू न देता काढली. सगळं पिशवीत परत गेलं. मग वर्गात उभी राहायची तशी उभी राहून ती म्हणाली, "तुमचा माल रस्त्यावर खराब होतो हे तुम्हीच सांगितलंत. आभारी आहे." आणि बाहेर पडली. एक गिऱ्हाईक, नवीन लग्न झालेलं जोडपं होतं बहुतेक, हातातली गुलाबी बॅग खाली ठेवून तिची चाकं बघायला लागलं.

फुटपाथवर आल्यावर मला हसू आवरेना. "आई, एवढं ओझं तू घरून घेऊन आलीस?"

"मग? परीक्षा घ्यायची तर पेपर नको?"

त्या दिवशी आम्ही अजून दोन दुकानं बघितली. एकात दोन चाकांची बॅगच नव्हती, 'आता कोण वापरतं' म्हणाले. दुसऱ्यातल्या बॅगेचा दांडा हलत होता. खोपटला एसटी डेपोसमोर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. तिथे रसवाल्याच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी आमचं बोलणं ऐकून सांगितलं की कोलशेतला एक गोडाऊन आहे, त्यांचे मिस्टर तिथूनच बॅगा घेऊन विकतात, आणि किरकोळ गिऱ्हाइकालाही देतात. आम्ही तशाच रिक्षाने कोलशेतला गेलो.

गोडाऊन म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. समोर मोकळं आवार, ट्रक येऊन येऊन उखडलेलं. खडी, चिखल सुकून झालेले उंचवटे, मधूनच लोखंडी जाळी. सुपरवायझर जेवण करून खुर्चीत बसला होता. आईने त्याला सांगितलं, बॅग हवी, पण आधी भरून ओढून बघणार. तो म्हणाला, "ओढा की. हे आवार काय माझ्या बापाचं आहे?"

मी पाच बॅगा ओढल्या. उन्हात, त्या खडीवर, शब्दकोश आणि इस्त्रीसकट. एकीचं चाक जाळीत अडकलं. एकीचा दांडा वळताना वाकला. एक इतकी डुगडुगत होती की मागे दारुडा चालतोय असं वाटलं. सुपरवायझरला आता मजा यायला लागली होती. तो खुर्ची सावलीत ओढून बसला आणि "ती निळ्या लेबलवाली आणा", "तिला जरा वळवा", असं सांगायला लागला. शेवटी एक निघाली. जाड खरखरीत कापड, कोपऱ्यांना रबराचे जाड तुकडे, दोन मोठी चाकं. तिला सजावट म्हणून काहीच नव्हतं. मी तिला ओढत आवाराच्या टोकापर्यंत गेले, वळले, पळत आले. ती माझ्या मागे आली. जाळीवरून गेली तेव्हा धडाधड वाजली, पण थांबली नाही.

"आवाज करते," सुपरवायझर म्हणाला.

"करू दे," आई म्हणाली. "बोलकी मुलं पुढे जातात."

मग तिने एक शेवटची परीक्षा घेतली. बॅग उभी केली आणि तिच्यावर बसली. आई काही बारीक नाही. बॅग हलली नाही. बसल्या बसल्याच तिने चाकांचा एक जादा जोड मागून घेतला.

बॅगेने मला पहिल्या आठवड्यात जिंकलं. आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत, एकामागे एक, आणि आमची सगळ्यांत आतली. तळमजल्यावर घर. कंपनीची गाडी आवारात येऊन दाराशी थांबायची. दारापासून गाडीपर्यंत पेव्हर ब्लॉक, पण ते असे बसवलेले की प्रत्येकाचा स्वतंत्र विचार. जुनी बॅग तिथे अडखळायची. ही सरळ जायची. खडखड वाजत जायची, पण जायची.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी चेअरमनकाका घरी आले, बरोबर खजिनदार. काका बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी स्वच्छ. आईने चहा ठेवला.

"बाई, तुमच्याविषयी आम्हाला आदरच आहे," काकांनी सुरुवात केली. या वाक्यानंतर चांगलं काही येत नाही हे मला कळतं. "पण तुमच्या कन्येच्या बॅगेचा सकाळी फार आवाज होतो. लोकांची झोपमोड होते. तिने बॅग उचलून न्यावी, अशी विनंती आहे. आणि ती गाडी आत येते, तीही नको. रोज वेगळा ड्रायव्हर असतो. बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही की बरं ऐकू येत नाही?" आईने विचारलं. "एक काय ते ठरवा, म्हणजे त्यावर बोलू."

काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, मग मीटिंगमध्येच घेऊ.

मीटिंग रविवारी पार्किंगमध्ये झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. गच्चीच्या गळतीवर बोलून झालं, मग माझ्या बॅगेचा विषय आला. मी उभी राहिले. आवाज ठीक निघाला. विमानात आणीबाणीच्या सूचना द्यायची सवय असते ना, ती उपयोगी पडली.

"दूधवाला क्रेट आपटतो तेव्हा मी जागीच असते," मी म्हटलं. "पाण्याची मोटर माझ्या आधी सुरू होते. पहिल्या इमारतीतला दादा जिमला जाताना फटफटी चालू करून पाच मिनिटं तापवत ठेवतो. त्या कशाचीच तक्रार नाही. माझीच बॅग कशी ऐकू येते सगळ्यांना?"

"ते रोजचं आहे," कुणीतरी म्हणालं.

"माझंही रोजचंच आहे. मी कामाला जाते."

तेव्हा खजिनदार बसल्या जागेवरून बोलले. "तुमच्यात चालत असेल हे, बाई. इथे सगळी फॅमिलीवाली माणसं राहतात."

आई सावकाश उभी राहिली.

"आमच्यात म्हणजे?"

"नाही, म्हणजे... एअरलाइनवाल्यांच्यात."

"मी एअरलाइनमध्ये नव्हते. मी शाळेत होते. तुमचा मुलगा माझ्याकडे होता, सातवीला. 'तुमच्यात' म्हणालात ते मला उद्देशून म्हणालात. आमच्यात म्हणजे कुणात, ते पूर्ण सांगा. सेक्रेटरींना मी सांगते, शब्द न् शब्द इतिवृत्तात लिहून घ्या."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. खजिनदार रुमालाने मान पुसायला लागले. आई उभीच राहिली, कुणी काही सांगतंय का याची वाट बघत. वर्गात कुणी खोडी केली आणि कबूल होईना की ती अशीच थांबायची, हे मी तिच्याच शाळेत शिकले असल्यामुळे मला ठाऊक आहे. शेवटी चेअरमनकाकांनी मतं मागितली. ती बसली तेव्हा तिचा हात माझ्या हातावर आला.

ठराव मात्र मंजूर झाला. क्रूची, कंपन्यांची, कुठलीच गाडी आत येणार नाही, आणि चाकांच्या बॅगा आवारातून उचलून न्याव्यात. हात वर झाले. काही झाले नाहीत, पण ते कमी पडले. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली फळ्यावर नोटीस लागली.

पुढच्या ड्यूटीला मी सकाळी युनिफॉर्म घालून, बॅग घेऊन दारात उभी राहिले. आईची बुद्धवंदना नुकतीच झाली होती, घरात अगरबत्तीचा वास होता.

"उचलणार?" तिने विचारलं.

"नाही."

"मग नीघ. उशीर नको."

आधी दारापासून गाडीपर्यंत काय ते वाजायचं. आता गाडी बाहेर, मेन रोडला. म्हणजे आमच्या इमारतीपासून निघून दुसरीच्या खिडक्यांखालून, पहिलीच्या खिडक्यांखालून, मग गेट, आणि गेटबाहेरची सगळी गल्ली, दोन्ही बाजूंच्या सोसायट्या आणि कोपऱ्यावरचा बैठा बंगला. मी दांडा ओढला आणि चालायला लागले. सकाळच्या शांततेत ती बॅग काय वाजली! पेव्हरवर खडखड, गटाराच्या झाकणावर धडाम, काँक्रीट सुरू झालं की एकसारखा घर्र आवाज. गल्लीतली कुत्री उठली आणि माझ्यामागे भुंकत निघाली. गेटवर वॉचमन पुढे आला. "मॅडम, साहब ने बोला है उठाके ले जाने का."

"साहबांना सांगा, उचलायचीच असेल तर येऊन उचला. मी देते."

तो बिचारा बाजूला झाला. दुसऱ्या मजल्यावर चेअरमनकाका बनियनवर बाल्कनीत उभे होते. आमची नजरानजर झाली. मी विमानात प्रवाशांना करते तसं अर्धं हसू केलं आणि पुढे गेले.

असं रोस्टरप्रमाणे चालू राहिलं. कधी सकाळी निघायचे, कधी परत यायचे. परत यायच्या वेळी तर मी थकलेली असायचे, आणि एकदोनदा गेटपाशी आल्यावर वाटलं की जाऊ दे, इथून शंभर पावलं उचलूया, कशाला रोजचा तमाशा. पण मग त्या पार्किंगमधला 'तुमच्यात' हा शब्द आठवायचा आणि दांड्यावरची मूठ आपोआप घट्ट व्हायची. बॅगेने मला साथ दिली. मधे त्या गल्लीचं काम निघालं, अर्धी खणलेली, अर्धी खडी टाकलेली. चकचकीत चार चाकांवर मी हे भांडण एक दिवसही चालवू शकले नसते. रागाच्या भरात का होईना, बॅग उचलावीच लागली असती.

मग एके सकाळी कोपऱ्यावरच्या बंगल्यातले आजोबा फाटकाशी उभे होते. मी त्यांना ओळखत नव्हते. हात वर करून त्यांनी मला थांबवलं. मी मनात उत्तर तयार केलं.

"अगं पोरी," ते म्हणाले, "तू एवढं ओझं घेऊन रोज इतकी चालत का जातेस? गाडी येत नाही तुझी?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, ठराव, नोटीस, उचलायचं फर्मान. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांच्या झोपेसाठी आमची झोप," ते म्हणाले. "कुणाची अक्कल ही?"

"आमच्या चेअरमनांची."

"तू जा. गाडी चुकेल."

आजोबा चेअरमनकाकांना काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. गल्लीतल्या आणखी दोन सोसायट्यांतूनही माणसं गेली होती, असं नंतर दूधवाल्याकडून आईला कळलं. मी त्या फ्लाइटवरून परत आले, एक दिवस घरी होते, आणि पुढच्या ड्यूटीला बॅग घेऊन दार उघडलं तर कंपनीची गाडी दाराशी उभी, इंडिकेटर लुकलुकतोय. वॉचमन शेजारी होता. "अंदर छोडने को बोला है," तो म्हणाला आणि हसला. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असणार.

नोटीस कुणी काढली नाही. ती उन्हाने पिवळी पडली, मग तिच्यावर पाणीकपातीची लागली. खजिनदारांनी माफी मागितली नाही आणि आईने त्यांच्याकडून ती अपेक्षितही केली नाही. एवढंच झालं की पुढच्या मीटिंगमध्ये ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, आणि तेव्हापासून ती तिथेच बसते. चेअरमनकाका समोर आले की मोबाईलमध्ये बघतात. मला चालतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बॅग तीच आहे. चाकं बदलली, आईने मागून घेतलेला जोड केव्हाच संपला आणि त्यानंतर मी कोलशेतहून अजून आणला. कल्याणही सुटलं नाही आणि नोकरीही.

गेल्या महिन्यात ब्रीफिंगला आमची तपासणी होती. केस, नखं, बूट, बॅग. तपासणारा नवा होता, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्याने माझ्या बॅगेभोवती एक फेरी मारली.

"ही बदला, मॅम. फार घासलीय. ब्रँडला शोभत नाही."

"नियमात काय आहे?" मी विचारलं.

"नियमात रंग आणि माप आहे. पण एकंदरीत..."

"रंग काळा आहे. माप घ्या."

त्याच्याकडे टेप होती. त्याला वाटलं नव्हतं मी खरंच घ्यायला लावीन. मी बॅग त्याच्यासमोर सरकवली आणि बाजूला उभी राहिले. माझ्या मागच्या दोन नव्या मुली श्वास रोखून बघत होत्या. त्याने वाकून माप घेतलं, उंची, रुंदी, जाडी. सगळं बरोबर भरलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण ओरखडे..."

"ओरखड्यांचा नियम झाला की कळवा," मी म्हटलं. "मग बघू."

आमच्या फ्लाइटची वेळ होत आली होती. मी दांडा वर ओढला. आता रांगेत को-पायलटच्या मागे मी चालते. त्या दोघी नव्या मुली मागून आल्या, आणि त्यातली एक हळूच म्हणाली, "मॅम, ही कुठे मिळते?"

"विमानात बसल्यावर सांगते," मी म्हटलं. "पण आधी एक सांग, तू राहतेस कुठे?"

"बदलापूर," ती म्हणाली, आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघितलं. मी आता काय बोलणार, या भीतीने.

"मग मोठ्या चाकांचीच घे," मी म्हटलं.